पहिला शनिवार, दहा ते बारा

शुक्रवार, १७ जून

निवडून आलो. दोनशे बारा मतांनी.

ही वही नोरीनची. मार्चपर्यंतची पानं तिच्या अक्षरात भरलेली आहेत. ती मी रबरबँड लावून बंद केली आहेत, वाचणार नाही. पुढची सगळी कोरी. शाळेत पस्तीस वर्षं बॉयलर, कुलपं आणि गळके नळ सांभाळलेल्या माणसाला कोरा कागद वाया घालवणं जमत नाही, म्हणून लिहितो आहे. दुसरं काही कारण नाही.

मिलबँक वॉर्डात मतदार चार हजार आठशे. मतदानाला आले नऊशे. मतदान केंद्र सेंट ऑस्वल्डच्या हॉलमध्ये, वॉर्डातल्या कुठल्याही घरापासून चालत दहा मिनिटं. तेवढी दहा मिनिटं लोकांना निघत नाहीत, आणि 'कौन्सिल काही करत नाही' म्हणून वर्षभर बोंब मारायला बरा वेळ मिळतो. मी अठराव्या वर्षापासून एकही मतदान चुकवलेलं नाही. तापात गेलोय, बर्फातून गेलोय.

जे आले, त्यांनी मत मला दिलं नाही, हेही मला कळतं. एकोणीस वर्षं नोरीन इथली नगरसेविका होती. मार्चमध्ये ती गेली, आणि लोकांनी तिच्या रिकाम्या खुर्चीला मत दिलं. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं मला बघवलं नसतं. उभा राहण्याचं खरं कारण तेवढंच, आणि ते पत्रकावर छापता येत नाही. पत्रकावर मी छापलं: शाळेसमोर, वीव्हर स्ट्रीटवर, झेब्रा क्रॉसिंग. पुढच्या मेच्या आत.

मेमध्ये सगळ्याच जागांची निवडणूक आहे. म्हणजे माझ्या हातात साडेदहा महिने. रस्त्यावर चार पांढरे पट्टे मारायला तेवढे पुरावेत.


शनिवार, २ जुलै

पहिली बैठक. नोरीनची जागा तीच, वेळ तीच: वाचनालयाची मागची खोली, महिन्याचा पहिला शनिवार, दहा ते बारा. कुणीही यावं, गाऱ्हाणं सांगावं. एक टेबल, दोन खुर्च्या, काचेचं दार. आल्याच्या बिस्किटांची ताटली ठेवली. नवी कोरी वही, दोन पेनं.

कुणी आलं नाही.

एक बाई दार उघडून आत आली, तर तिला संडास कुठे आहे ते हवं होतं.

नोरीनच्या वेळी इथे रांग लागायची. मी तिला दर वेळी दहाला सोडायचो आणि बारापर्यंत बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचो. बाहेर आली की विचारायचो, "काय, किती जण?" विणकामाची पिशवी मागच्या सीटवर टाकून ती म्हणायची, "फार गर्दी होती आज." मग आम्ही तळलेले मासे आणि चिप्स घ्यायला जायचो. एकोणीस वर्षांत मी त्या खोलीत एकदाही पाऊल ठेवलं नाही. मला तो सगळा प्रकार पोरखेळ वाटायचा, आणि तिला मी तसं बोलूनही दाखवायचो.

बिस्किटं मीच खाल्ली. सगळी.


शनिवार, ६ ऑगस्ट

आज एक जण आलं! मिसेस हेस्केथ. वय ऐंशीच्या पुढे, मोडकी कंबर, हातात काठी, आणि जिभेला हाड नाही. आल्या आल्या म्हणाल्या, "तुम्हीच का ते नवे?"

"हो. एल्विन टॅटरसॉल."

"चेहऱ्यावरून वाटत नाही. असू दे. फाउंटन स्ट्रीट, चौदा नंबर. माझ्या दारासमोरचा दिवा लागत नाही."

मी पत्ता लिहून घेतला. खांबाचा नंबर विचारला, तर म्हणाल्या, "मी काय खांबावर चढून बघू?" मग बसल्याच. चार बिस्किटं संपवली. दिव्याबद्दल आणखी काही नाही. मी सकाळी काय खातो, कपडे कोण धुतं, घरात कोण आहे, असल्या चौकशा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना बोलायला कुणी नसतं, त्याचं हे असं होतं. मला दया आली. बारापर्यंत बसू दिलं.


सोमवार, १२ सप्टेंबर

रस्ते विभागाकडून कळलं की पट्टे मारण्याआधी मोजणी होते. एक माणूस खुर्ची टाकून दिवसभर बसतो, गाड्या किती आणि पायी ओलांडणारे किती ते मोजतो. मग अहवाल. मग समिती. मग लोकांचं म्हणणं मागवायचं, त्यासाठी खांबावर नोटीस, एकवीस दिवस. मग हरकतींचा विचार. मग ठेकेदाराचं वेळापत्रक.

"आणि मोजणी कधी?" मी फोनवर विचारलं.

"शाळेच्या सुट्टीत घेतली होती, साहेब. ओलांडणारी मुलं फारच कमी निघाली. परत घ्यावी लागेल."

मी फोन ठेवला आणि दारामागच्या बुटांना लाथ मारली. बूट माझेच होते.


शनिवार, १ ऑक्टोबर

मिसेस हेस्केथ, दहा वाजून पाच मिनिटं. दुसरं कुणी नाही.

"दिवा?" मी विचारलं. "विभागाचं पत्र आलंय. त्यांचा माणूस येऊन गेला. म्हणतो, दिवा ठीक आहे."

"तो आला तेव्हा ठीक असेल. नंतर जातो."

"रोज?"

"मनाला येईल तेव्हा. तुमच्या कौन्सिलसारखाच आहे."

संध्याकाळी फाउंटन स्ट्रीटवरून मुद्दाम चालत गेलो. दिवा छान लागलेला होता. पंधरा मिनिटं त्याच्याखाली उभा राहिलो, एकदासुद्धा लुकलुकला नाही. आत मिसेस हेस्केथच्या खिडकीचा पडदा हलल्यासारखा वाटला. तार कुठेतरी सैल असणार. वहीत तसं नोंदवलं.


गुरुवार, १७ नोव्हेंबर

गावाच्या फेसबुक गटावर माझा फोटो. मी शाळेच्या रस्त्यावर उभा, तोंड उघडं, हातात सँडविच. खाली लिहिलंय: 'पाच महिने झाले. क्रॉसिंग कुठाय, एल्विन?' टाकणारी टॅमसिन ग्रीव्ह. तिशीची आहे, तिची मुलगी त्याच शाळेत जाते, दातांच्या दवाखान्यात काम करते. तिने एक गट काढला आहे, नाव 'आत्ताच'. दोनशे साठ जणांनी फोटोखाली आपापलं मत टाकलंय. एकाने लिहिलं, 'बायको होती तेव्हा कामं व्हायची.' दुसऱ्याने लिहिलं, 'हा माणूस अजून जिवंत आहे का?'

सगळी वाचली. नको होती वाचायला.

मोजणी परत झाली, समितीनेही होकार दिला, आणि खांबावर नोटीस लागून आज दहा दिवस झाले. लोकांचं म्हणणं लेखी मागवलं आहे. त्या दोनशे साठांपैकी किती जणांनी पत्र पाठवलं? दोघांनी. त्यातल्या एकाला क्रॉसिंग नको, बसथांब्यावर छप्पर हवं आहे.


मंगळवार, २२ नोव्हेंबर

शाळेच्या हॉलमध्ये नकाशा मांडून चार ते सहा बसलो. लोकांनी यावं, बघावं, सांगावं म्हणून. साडेपाचपर्यंत तीन जण आले. तिसरा योगाच्या वर्गाला आला होता, वार चुकून.

पावणेसहाला टॅमसिन ग्रीव्ह मुलीला घेऊन आली. मला वाटलं, आता भांडते. तिने नकाशा बघितला.

"इथे पट्टे आहेत नकाशावर," ती म्हणाली. "नकाशावर सगळंच असतं. माझी पोरगी मात्र रोज त्या कोपऱ्यावर माझा हात सोडते. तुम्हाला घाई वाटत नाही का हो कधी?"

"प्रक्रिया असते, मिसेस ग्रीव्ह."

"मिस. आणि प्रक्रिया काय, तिला गाडीखाली जाण्यापासून थांबवेल?"

घरी आल्यावर तीन उत्तरं सुचली, एकही चांगलं नव्हतं.


रविवार, २५ डिसेंबर

टर्कीचा एक तुकडा, डब्यातला सॉस. नोरीनने विणलेला हिरवा स्वेटर घातला. दर नाताळला एक नवा स्वेटर असायचा, एकूण एकोणीस. कधी विणायची कोण जाणे, घरी तर तिला बसायला फुरसत नसायची. यंदाचा नव्हता. तिच्या पिशवीत निळा अर्धवट आहे, एक बाही नाही. पिशवी उघडली आणि परत बंद केली.

दुपारी दार वाजलं. मिसेस हेस्केथच्या शेजारणीचा नवरा, हातात झाकलेली ताटली. मिसेस हेस्केथने पुडिंग पाठवलंय. सोबत चिठ्ठी: 'जास्त झालं होतं. दिवा अजून तसाच.'


शनिवार, ४ मार्च

हुकूम निघाला! समितीने क्रॉसिंग मंजूर केलं. आज बैठकीत मिसेस हेस्केथला सांगितलं, अगदी टेबलावर हात आपटून.

"आणि रंग कधी?"

तिथेच गाडी अडते. ठेकेदाराची तारीख मेअखेरची, शाळेला आठवड्याची सुट्टी लागते तेव्हाची. निवडणूक ४ मेला.

"म्हणजे झाड तू लावलंस आणि सफरचंद दुसरं कुणी खाणार," त्या म्हणाल्या. कधीपासून त्या मला अरे-तुरे करायला लागल्या, लक्षातच आलं नाही. "जेवतोस का नीट? गाल बसलेत."

"मी हरलो, तर ती खुर्ची जाईल."

"खुर्ची कुठे जात नाही. ती वाचनालयाची आहे."

पण मला ते असं सोपं वाटत नाही. कौन्सिलच्या सभागृहात नोरीनच्या जागेवर बसलो की टेबलाच्या कडेला तिने पेनाने पाडलेला बारीक खड्डा बोटाला लागतो. कंटाळा आला की ती पेन टोचत बसायची, मला सांगितलं होतं तिने. तो खड्डा मला आणखी चार वर्षं हवा आहे. बाकी पट्टेबिट्टे सगळं नंतर. हे इथेच लिहू शकतो.


शुक्रवार, २१ एप्रिल

दारोदार फिरून पायाचे तुकडे पडले.

एका दारात: "मत? कुणाला? सगळे एकाच माळेचे मणी."

दुसऱ्या दारात, कुत्र्याला मागे ओढत: "क्रॉसिंग मंजूर झालं म्हणता? दिसत तर नाही."

"मेअखेरीला—"

"मेअखेरीला या मग."

तिसऱ्या दारात एक माणूस मला ओळखून हसला. खूप वेळ नोरीनबद्दल बोलला, डोळे पुसले, आणि म्हणाला, या वेळी आमच्याकडे सगळे टॅमसिनला देणार आहेत. "मनावर घेऊ नका. ती जरा हलवून सोडेल सगळ्यांना."

आता नवा नियम: मतदानाला फोटोचं ओळखपत्र लागणार. लोकांना सांगून सांगून घसा बसला. पासपोर्ट, गाडीचा परवाना, म्हाताऱ्यांना बसचा पास चालतो. "विसरू नका हं," असं प्रत्येक दारात. लोक इतके विसराळू असतात की त्यांचा हात धरून न्यावं लागतं.

फाउंटन स्ट्रीटच्या यादीत फक्त विषम नंबरची घरं आहेत. सम नंबरांचं पान माझ्याकडून कुठेतरी पडलं असणार. मिसेस हेस्केथचं दार वाजवायची गरज नाही. ते एक मत पक्कं आहे.


गुरुवार, ४ मे

मतदान. जसं झालं तसं लिहितो, कारण डोकं ठिकाणावर नाही.

सकाळी नोरीनला आवडायचं ते राखाडी जाकीट घातलं. साडेसहाला बाहेर. ज्यांना चालवत नाही त्यांना गाडीतून मतदानाला नेलं: दुपारपर्यंत अकरा जण. एकीचं ओळखपत्र घरी राहिलं होतं, तिला परत नेऊन परत आणलं. नियम महिनाभर ओरडून सांगितला तरी ही गत!

पावणेतीनला सेंट ऑस्वल्डच्या हॉलमध्ये मी माझा गेलो. टेबलावर ग्लेनिस. तीस वर्षं ओळखतो तिला, तिच्या तिन्ही पोरांच्या शाळेतल्या कपाटांची कुलपं मी उघडून दिली आहेत.

"ओळखपत्र?" ग्लेनिस म्हणाली.

"अगं, मी आहे."

"दिसतंय मला. ओळखपत्र?"

"भिंतीवर माझं नाव लावलंय, बघ. उमेदवारांच्या यादीत."

"नावाला तोंड नाही, एल्विन. पास आण जा, मी कुठे पळून जात नाही."

पास तपकिरी कोटात, कोट घरी. येतो म्हटलं. बाहेर पडलो तर तीन वाजायला आले होते, आणि मिसेस हेस्केथला तीनची वेळ दिली होती. त्या नको नको म्हणत होत्या, "मी माझी जाईन." मी म्हटलं, या कंबरेने? एक मत म्हणजे एक मत. जवळजवळ उचलून गाडीत बसवलं.

ग्लेनिसने यादीवर बोट फिरवलं. परत फिरवलं. "फाउंटन स्ट्रीट, चौदा? नाव इथे नाही. विषम नंबर मिलबँक, सम नंबर चॅपल फील्ड वॉर्ड. रस्त्याच्या मधून हद्द जाते. तुमचं केंद्र मेथडिस्ट हॉल." मग माझ्याकडे बघून, "पास आणलास?"

"आणतो, आणतो."

मिसेस हेस्केथ छताकडे बघत होत्या.

त्यांना परत गाडीत बसवलं. मेथडिस्ट हॉलपाशी त्या उतरल्या, मत देऊन आल्या, बसल्या. मग मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"साठ वर्षं राहते मी तिथे."

"मग माझ्याकडे का येत होतात? दिवा तुमच्या नगरसेवकाचा आहे."

"दिवा बरा आहे," त्या म्हणाल्या. "घरी चल, चहा करते."

स्वयंपाकघरात त्यांनी चहा ओतला आणि पाठ माझ्याकडे करून बोलल्या. तोंडाकडे बघून त्यांना जमलं नसतं, असं मला आता वाटतं.

"शनिवारी मी वाचनालयात जाते, पुस्तकं बदलायला. काचेतून ती खोली दिसते. तुझी बायको बसलेली असायची, एकटी, विणत. दार वाजलं की विणकाम टेबलाखाली टाकायची आणि पेन घ्यायची. मग कुणी नसलं की परत काढायची. वर्षानुवर्षं बघितलं मी. कधी आत गेले नाही. म्हटलं, आपला वॉर्ड नाही, आपल्याला काय. मार्चमध्ये तिची शवपेटी माझ्या दारावरून गेली, आणि मला वाटलं, एकदा जाऊन बसले असते तर काय बिघडलं असतं?"

"रांग असायची," मी म्हटलं. "ती सांगायची मला. फार गर्दी होती म्हणायची."

मिसेस हेस्केथ वळल्या. साखर पुढे केली. मी साखर घेत नाही. तीन चमचे घातली.

घरी आलो. या वहीची सुरुवातीची, तिची पानं उघडली, रबरबँड काढला. ५ फेब्रुवारी, नोरीनच्या अक्षरात: 'वाचनालय. कुणी नाही. स्वेटरची पाठ पूर्ण.' ५ मार्च: 'वाचनालय. कुणी नाही. उजवी बाही झाली. ए. गाडीत गारठला असेल, त्याला उगीच थांबवते. गर्दी होती असं सांगितलं.'

मी पंचवीस पावलांवर होतो. काचेचं दार होतं. मी पेपर वाचत होतो, हीटर लावून.

निळा स्वेटर मांडीवर घेऊन बसलो आहे. आता आठ वाजलेत, मतदान संपायला दोन तास आहेत. आज कुणाच्याही दारात जायची ताकद उरली नाही. जे करण्यासारखं होतं ते मी केलं. आता लोकांनी दहा मिनिटं काढली तर काढली.


शुक्रवार, ५ मे

मोजणी क्रीडा संकुलात, सकाळी दहापासून. टॅमसिन समोरच्या भिंतीपाशी, नखं खात.

पहिली मोजणी: पाचशे अठ्ठ्याऐंशी, पाचशे अठ्ठ्याऐंशी. सारखी.

परत मोजलं. सारखी. तिसऱ्यांदा मोजलं. मग शंकेच्या मतपत्रिका आम्हा दोघांना दाखवल्या, नऊ होत्या. एकीवर कुणी लिहिलं होतं, 'दोघंही नको, फक्त क्रॉसिंग द्या.' टॅमसिनने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि आम्हाला एकदमच हसू आलं. ती मतपत्रिका बाद झाली.

समान मतं पडली तर चिठ्ठी काढतात, कायदाच आहे. निवडणूक अधिकाऱ्याने दोन पाकिटं रबरबँडच्या निळ्या डब्यात टाकली, मान फिरवून एक काढलं.

टॅमसिन ग्रीव्ह.

मी तिचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार होता. "मला वाटलं होतं हरेन," ती म्हणाली. खुश दिसत नव्हती, घाबरलेली दिसत होती.

बसने घरी आलो, कारण गाडी चालवावीशी वाटेना. ड्रायव्हरने पास मागितला. नाही म्हणून पैसे दिले. घरी जाकीट खुंटीला लावताना तपकिरी कोट खाली पडला आणि खिशातून पास बाहेर आला. त्यावरचा माझा फोटो माझ्याकडे बघत होता.

मी मत दिलं नाही.

मी मतच दिलं नाही. अकरा जणांना नेलं, बाराव्या मिसेस हेस्केथना नेलं, आणि मी स्वतः त्या हॉलमध्ये दोनदा जाऊन दोनदा बाहेर आलो. एक मत, आणि चिठ्ठी काढावीच लागली नसती. त्या खड्ड्यावर माझं बोट राहिलं असतं.

ग्लेनिसला माहीत आहे. तिच्या यादीत माझ्या नावावर रेघ नाही.


मंगळवार, ९ मे

चार दिवस दार उघडलं नाही. नव्या राजाच्या राज्याभिषेकाच्या पताका गल्लीभर लटकल्या आहेत, ओल्या झाल्या आहेत. आज मिसेस हेस्केथ टॅक्सी करून आल्या, काठीने दार बडवलं. सांगितलं त्यांना. दुसऱ्या कुणाला सांगणार?

त्यांनी काठी टेबलाला टेकवली. मग म्हणाल्या, "म्हणजे पाचशे अठ्ठ्याऐंशी माणसं तुझ्यासाठी घराबाहेर पडली, आणि एकाला जमलं नाही."

"हो."

"आणि वर्षभर तू लोकांच्या नावाने खडे फोडत होतास."

"हो."

"त्याला काहीतरी झालं असेल त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "त्या एकाला. मतदानापेक्षा मोठं काहीतरी."

मी रडलो. नोरीन गेली तेव्हा सगळं धडपणे पार पाडलं होतं मी, फुलं, पाद्री, सँडविचं. आज रडलो. त्यांनी रडू दिलं आणि निघताना म्हणाल्या, भांडी घास.


बुधवार, ३१ मे

काल ठेकेदाराची गाडी आली. दोन दिवसांत काम झालं: पांढरे पट्टे, दोन्ही बाजूंना पिवळे गोल दिवे.

बघायला गेलो. दुकानाबाहेर दोन बायका बोलत होत्या. "बघ, बाईने महिन्याच्या आत करून दाखवलं. तो टॅटरसॉल वर्षभर नुसता बसला होता." मला बघून गप्प झाल्या. मी टोपी काढली, पट्ट्यांवरून पलीकडे गेलो आणि परत अलीकडे आलो. एक व्हॅन दोन्ही वेळा थांबली. चांगलं क्रॉसिंग आहे.


शनिवार, ३ जून

साडेनऊला जागा होतो, तयार होतो, आणि जायला कुठेच नव्हतं. तरी गेलो. पुस्तक बदलायचं होतं असं स्वतःला सांगितलं. घरात वाचनालयाचं एकही पुस्तक नाही.

मासिकांच्या फळीपाशी उभं राहिलं की मागची खोली सरळ दिसते. एकोणीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

टॅमसिन ग्रीव्ह आत बसली होती. टेबलावर नवी कोरी वही, रंगीत पेनं ओळीने, 'तुमची नगरसेविका' अशी पाटी, स्वतः बनवलेली. दुसरी खुर्ची रिकामी. ती दाराकडे बघायची, फोन उचलायची, ठेवायची. पेनांची रांग सरळ करायची. अकरा वाजले. तोवर कुणी गेलं नव्हतं. ज्या दोनशे साठ जणांनी माझ्या सँडविचवर मत दिलं होतं, त्यांपैकी एकही नाही.

माझे पाय घराकडे वळले होते, हे लिहून ठेवतो. मनात आलं, बघ आता कसं वाटतं. तेही लिहून ठेवतो. पण नंतर तिने पेनांची रांग मोडली आणि परत लावायला घेतली, आणि मला ते बघवेना.

काचेवर टकटक केलं. ती दचकून उठली.

"मिस्टर टॅटरसॉल? तुमचं काही राहिलं का इथे?"

"नाही. गाऱ्हाणं आहे," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसलो. पिशवीतून आल्याची बिस्किटं काढून मध्ये ठेवली. "माझ्या दारासमोरचा दिवा लागत नाही."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग वहीचं पहिलं पान उघडलं, वर तारीख घातली आणि पत्ता विचारला. तो तिला पाठ असणार, माझ्या प्रत्येक पत्रकावर होता. तरी मी सावकाश सांगितला, तिनेही सावकाश लिहिला.

"कधीपासून बंद आहे?"

"बरेच दिवस झाले. कधी लागतो, कधी नाही."

"लगेच बघते मी. सोमवारीच फोन करते."

"घाई नाही," मी म्हटलं. "सकाळी काय खाल्लंस?"